पाचवी ते आठवीच्या पालकांपर्यंत शाळेचा निरोप पोचवायचा कसा?

खडूफळा | १० जून २०२१, रात्री ९.४०

मंगळवारी १५ तारखेला शाळा सुरू होतेय. सुरू म्हणजे कोरोनामुळे यंदाही मोबाईलवरच. शिकवायचं कसं यावर आधीचे दोन धागे आहेत, ते इथे नको. इथे फक्त घरी निरोप पोचण्याबद्दल बोलू, तेही मधल्या चार वर्गांपुरतं.

पहिली ते चौथीला एकच बाई, त्यामुळे आई थेट बाईंनाच विचारते. नववी-दहावीला बोर्डाच्या धाकाने पालक स्वतःहून येतात. पाचवी ते आठवीत विषयागणिक शिक्षक वेगळे, परीक्षेची धास्ती नाही (एप्रिलमध्ये पहिली ते आठवी सगळेच वर्गोन्नत), आणि मूल "मी बघतो ना" म्हणायच्या वयाचं. नवी मुंबईच्या ऐरोली-दिघा पट्ट्यातली अनुदानित मराठी शाळा धरा. १२ तुकड्या, तुकडीत ५५, म्हणजे ६६० घरं. सूचना ग्रुपवर टाकली की शाळा मोकळी होते, आणि पुस्तकवाटपाच्या दिवशी गठ्ठे तसेच पडून राहतात.

कळवलं आणि कळलं यातलं अंतर कमी करायला नेमकं काय चालतं? ॲप विकत घ्या असं सांगू नका, पैसे नाहीत.

---

पारसिकपल्याड | १० जून, रात्री १०.१५

शेवटी व्हॉट्सॅपच वापरणार आहात, तर ते तरी नीट लावा.

ग्रुपची मर्यादा सध्या (२०२१) २५६ माणसांची. ५५ मुलांचे घरटी दोन नंबर घेतले तर ११०, वर आठ-नऊ शिक्षक. आरामात मावतात. म्हणून विषयवार ग्रुप अजिबात नकोत, तुकडीला दोनच ठेवा. 'सूचना ७ब' आणि 'अभ्यास ७ब'. पहिल्याच्या सेटिंगमध्ये मेसेज पाठवायची परवानगी फक्त ॲडमिनला, म्हणजे "ओके सर", हात जोडलेले चिन्ह आणि गुलाबाची फुलं बंद. त्यात दिवसाला एकच मेसेज, ठरलेल्या वेळी. दुसरा ग्रुप उघडा राहू द्या, गृहपाठ आणि शंका तिकडे.

ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी लागू नका. समोरच्याने शाळेचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर त्याला मेसेज जातच नाही, आणि पाठवणारा समजतो की गेला.

कोणी वाचलं ते ग्रुपमध्ये कळतं. आपला मेसेज दाबून धरा आणि माहितीच्या खुणेवर जा, वाचलेल्यांची आणि नुसतं पोचलेल्यांची अशा दोन याद्या दिसतात. ज्यांनी निळी टिक बंद ठेवली आहे त्यांचंही ग्रुपमध्ये दिसतं. ज्यांचं नाव दोन्हींत नाही त्यांचा रिचार्ज संपलाय, फोन बिघडलाय किंवा नंबर बदललाय. काम आहे ते याच लोकांवर.

---

मिरचीभजी | १० जून, रात्री १०.३१

शाळेचे नऊ, सोसायटीचे दोन, माहेरचे तीन. यातल्या कोणत्या ग्रुपवर बाई आहेत आणि कोणत्यावर वहिनी, हे बघूनच उत्तर द्यावं. हलके घ्या.

---

जावक_क्रमांक | ११ जून, सकाळी ११.०५

व्हॉट्सॅप नसलेली घरं आहेतच. त्यांच्यासाठी एसएमएस हवा, पण आधी त्याचं गणित समजून घ्या.

इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरी ७० चा. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'विद्यार्थ्यांच्या' हा एकच शब्द १७ जागा खातो. 'मुलांच्या' लिहिलंत तर ९. सत्तरच्या वर एक अक्षर गेलं की दोन मेसेजचे पैसे, आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. म्हणून असं लिहायचं:

"७ब: बुध १६ जून स १०.३० गणित. लिंक ग्रुपवर. पुस्तक पान १२."

मोजून बघा, ५७ होतात.

दुसरी गोष्ट, ठोक एसएमएस आता कोणालाही उठून पाठवता येत नाहीत. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने संस्थेची नोंदणी, सहा अक्षरी नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर लागतो. मार्चमध्ये हे कडक केलं तेव्हा बँकांचे ओटीपी अडकले होते, तिथे शाळेची काय कथा. साच्यात जो भाग बदलता येतो त्यातही एका जागेत ३० च अक्षरं चालतात. म्हणून जूनमध्येच चार साचे मंजूर करून ठेवा: तास, वाटप, सुट्टी आणि 'शाळेला फोन करा'. ऐन वेळी पाचवा साचा मिळत नाही.

---

सानपाडा_सिग्नल | ११ जून, दुपारी १२.२०

असहमत. एसएमएसची पेटी आता कोणी उघडत नाही. बँक, कर्ज, रमी, झालंच तर "तुमचा डेटा ९०% वापरला गेला आहे". त्यात शाळेचा मेसेज हरवणारच. तेच पैसे रिचार्जला द्या.

---

जावक_क्रमांक | ११ जून, दुपारी १२.४८

स्मार्टफोनवाल्यांची पेटी भरलेली असते. साध्या फोनवाल्यांच्या घरी एसएमएस वाजतो आणि वाचलाही जातो. ६६० जणांना पाठवा असं म्हटलंच नाही, जे ग्रुपवर नाहीत तेवढ्यांनाच पाठवा.

---

शाळासमिती | ११ जून, रात्री ८.५५

पारसिकपल्याड, तुमची वाचलेल्यांची यादी पहिली ते चौथीला खरी. सहावी-सातवीच्या पुढे ती खोटी समजा. बाबांचा फोन रात्री आठला घरी येतो आणि थेट पोराच्या हातात जातो. निळी टिक त्याची असते. वाचतो, गृहपाठाचं तेवढं घेतो, 'पालकांनी भेटावे' असं काही असेल तर चॅट अर्काइव्हमध्ये. बाबांना ते कुठे असतं हेही ठाऊक नसतं.

म्हणून पोच अशी मागावी जी मोठ्या माणसालाच देता येईल. "वाचले" नको. "वाटपाला घरातलं कोण येणार, नाव लिहा" असं विचारा. किंवा दहा सेकंदांचा आवाज पाठवायला सांगा.

वर्गणी न लागणारा आणखी एक उपाय म्हणजे प्रवेशाच्या वेळीच नंबरापुढे दोन रकाने भरून घेणे: 'फोन कोणाचा' आणि 'घरी किती वाजता'. तुर्भ्याच्या बाजारात आणि रबाळे-महापेच्या कारखान्यांत पाळ्या असतात. रात्रपाळीवाल्याला सकाळी नऊला फोन केलात तर तो उचलणार नाही, आणि तुम्ही 'प्रतिसाद नाही' लिहून मोकळे व्हाल.

---

दप्तर_दीडकिलो | ११ जून, रात्री ९.१०

दहा सेकंदांचा आवाज? सातवीतल्या पोरांचे आवाज फुटायला लागलेले असतात. बाबा म्हणून सहज खपून जातील. :)

---

शाळासमिती | ११ जून, रात्री ९.१४

म्हणूनच आईचा मागायचा.

---

नेरूळची_सई | १२ जून, सकाळी १०.००

निरोप पोचतो हो, पण समजतो का? सूचनांची भाषा बघा: "उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधित पालकांस कळविण्यात येते की, शासन निर्देशानुसार पाठ्यपुस्तक वितरण कार्यक्रम आयोजित करण्यात आला असून..." तारीख चौथ्या ओळीत, वेळ सातव्या ओळीत, आणि खाली मुख्याध्यापकांची सही, शिक्का, तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ. साध्या फोनवर पीडीएफ उघडतसुद्धा नाही.

हेच असं लिहा:

"सातवी ब. शुक्रवार १८ जून, सकाळी ११ ते १२. पुस्तकं मिळतील. मागचं गेट. घरातलं एकच मोठं माणूस या, मूल आणू नका. पिशवी आणि मागच्या वर्षीची पुस्तकं आणा. जमत नसेल तर गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांना फोन करा."

आधी कोण, मग कधी, मग काय, कुठे, काय आणायचं, नाही जमलं तर काय. 'वर्गोन्नत' हा शब्दही घरी जाताना 'पुढच्या वर्गात गेला' असा जाऊ दे. पालक विचारतात, "म्हणजे पास का नापास?"

आणि 'उद्या' हा शब्द सूचनेतून हद्दपार करा. मेसेज दोन दिवसांनी पुढे ढकलला जातो तेव्हा तो उद्या कोणता?

---

मिरचीभजी | १२ जून, सकाळी १०.२२

'पालकांनी पिशवी आणावी.' जुडी निवडून आणायची का देठासकट?

---

वजनकाटा | १२ जून, दुपारी ३.३०

पुस्तकांपेक्षा शिध्याच्या निरोपात जास्त घोळ होतो. शाळा बंद असताना पोषण आहाराचं कोरडं धान्य घरी द्यायचं असतं, पहिली ते आठवी. पण पाचवी प्राथमिकमध्ये धरतात, तिला दिवसाला १०० ग्रॅम धान्य. सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, तिथे १५० ग्रॅम. डाळीचं तसंच, २० आणि ३० ग्रॅम. २४ दिवसांचं वाटप असेल तर पाचवीच्या पिशवीत २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ आणि सहावीच्या पिशवीत ३ किलो ६००. एकाच इमारतीतल्या, एकाच रांगेतल्या दोन आया पिशव्या हातात तोलून बघतात आणि गेटवर भांडण उभं राहतं.

हे आकडे आधीच सूचनेत लिहा: किती दिवसांचं, कोणत्या वर्गाला किती. वाटपाच्या दिवशी तेच काळ्या फळ्यावर खडूने गेटपाशी लावा.

---

घणसोली_गावठाण | १२ जून, सायंकाळी ६.४०

सगळं इथे हजर असलेल्यांसाठी चाललंय. कोपरखैरणे-घणसोलीतली कितीतरी माथाडी कुटुंबं साताऱ्याकडे गावी आहेत. लोकल अजून सर्वसामान्यांना बंद, म्हणजे बदलापूरला भावाकडे राहायला गेलेलं माणूससुद्धा पुस्तकासाठी येऊ शकत नाही. यादीत 'गावी' असा वेगळा रकाना ठेवा. त्यांना "शाळेत या" हा निरोप पाठवूच नका, बालभारतीच्या पुस्तकाच्या पीडीएफचा दुवा पाठवा आणि छापील प्रत नाव घालून बाजूला ठेवा.

भाषेचंही बघा. तुर्भे, दिघा भागात मराठी शाळेतल्या मुलांच्याही घरी कन्नड, हिंदी, तेलुगू बोलतात. मुंब्र्यात उर्दू. लिहिलेल्या मेसेजखाली वर्गशिक्षकाने ४० सेकंदांत तोच मजकूर हिंदीत बोलून पाठवला तर काम होतं. मिनिटाच्या वर गेला की कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही, आणि तारीख नेमकी शेवटी असते.

---

शाळासमिती | १३ जून, सकाळी ९.३०

आता न पोचलेल्यांचं. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. ही मंडळी सहीपुरती बोलावण्यापेक्षा साखळीला लावा. तुकडीत सहा घरं निवडायची, शक्यतो वेगवेगळ्या चाळींतली आणि सेक्टरांतली. प्रत्येकाकडे नऊ-दहा घरं. सूचना रात्री साडेआठला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ज्यांची पोच नाही, समजा बारा, त्यांची नावं वर्गशिक्षकाने सहा जणांत वाटून द्यायची. प्रत्येकी दोन फोन. तीन वेळा नाही उचलला तर शेजारी विचारायचं, दार वाजवायचं, मास्क लावून आणि बाहेरूनच.

वहीत चार रकाने पुरतात: नाव, फोन केला ती वेळ, कोणाशी बोलणं झालं, काय म्हणाले. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे 'मुलाशी' असं आलं तर तो फोन झाला नाही असं समजायचं.

फक्त नंबरांच्या याद्या ग्रुपवर टाकू नका. साखळीतल्या बाईंकडे तिच्या दहा घरांचेच नंबर असावेत.

---

सानपाडा_सिग्नल | १३ जून, सकाळी १०.०२

हे सगळं वर्गशिक्षकाने ऑनलाईन तास घेऊन, पोर्टलवर माहिती भरून, सर्वेक्षणाची ड्युटी करून मग करायचं?

---

शाळासमिती | १३ जून, सकाळी १०.१९

तुकडीत बारा नावं वाटायला पाच मिनिटं लागतात. वाटप दुसऱ्यांदा ठेवावं लागलं तर अख्खा दिवस.

---

पारसिकपल्याड | १३ जून, दुपारी १.१५

आणि पालकसभा झूमवर घेणार असाल तर फुकटातली चाळीस मिनिटंच मिळतात. पहिली पंधरा "आवाज येतोय का" मध्ये जातात. दहा मिनिटं आधी उघडू नका, तीही त्यातच धरतात. सांगायचं ते पहिल्या वीस मिनिटांत, बाकी प्रश्नांना. हजर नसलेल्यांसाठी सभेतले मुद्दे त्याच रात्री सूचनांच्या ग्रुपवर, पाच ओळींत.

---

घणसोली_गावठाण | ३० सप्टेंबर २०२१, रात्री ९.०५

धागा वर काढतोय. सोमवारी ४ ऑक्टोबरला शाळा उघडतायत, पण शहरात आठवी ते बारावी आणि ग्रामीण भागात पाचवी ते बारावी. म्हणजे आपल्या चार वर्गांची फाळणी: आठवी शाळेत, पाचवी ते सातवी घरी. वर गावी असलेल्या मुलाला दिसतं की गावातली सहावी भरली, आणि त्याची स्वतःची कोपरखैरण्यातली सहावी बंदच. "शाळा सुरू झाल्या" एवढं टीव्हीवर आलं की फोन सुरू होणार.

---

नेरूळची_सई | ३० सप्टेंबर, रात्री ९.३०

म्हणून चारही वर्गांना वेगवेगळे मेसेज. पाचवी ते सातवीच्या ग्रुपवर स्पष्ट लिहा: "तुमचा वर्ग अजून मोबाईलवरच आहे. शाळेत येऊ नका. बदल झाला तर याच ग्रुपवर कळेल." काही बदललं नाही हाही निरोपच असतो. तो शाळा देत नाही, आणि मग पालक बातम्यांवर विसंबतात.

आठवीला संमतीपत्र लागतं आणि हजेरीची सक्ती नाही. दोन्ही एकाच वाक्यात लिहा, नाहीतर 'सही केली नाही तर नाव काढतील' अशी अफवा उठते.

---

वजनकाटा | १ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

एका बाकावर एक म्हणजे वर्ग अर्धा-अर्धा बोलवावा लागणार. कृपा करून 'सम तारखेला सम हजेरी क्रमांक' असं करू नका. शनिवार ९ विषम आणि सोमवार ११ तीही विषम. रविवार मध्ये आला की तोच गट लागोपाठ दोन दिवस, आणि दुसरा गट तीन दिवस घरी. शिवाय पोराला स्वतःचा हजेरी क्रमांक माहीत असतो, आईला नसतो.

सरळ दोन गट करा. 'अ' सोमवार, बुधवार, शुक्रवार. 'ब' मंगळवार, गुरुवार, शनिवार. खालचे वर्ग उघडतील तेव्हा भावंडांना एकाच गटात टाका, त्यासाठी यादी आताच करून ठेवा. सहावीतली बहीण आणि आठवीतला भाऊ वेगवेगळ्या दिवशी आले तर सोडायला येणाऱ्याची रोज खेप.

---

मिरचीभजी | २ डिसेंबर २०२१, सकाळी ७.५०

खालचे वर्ग उघडायला राज्य म्हणतं १ डिसेंबर, मुंबई म्हणते १५. खाडीच्या या बाजूच्यांनी कोणाचं ऐकायचं?

---

जावक_क्रमांक | २ डिसेंबर, सकाळी ९.२०

आपल्या महापालिकेचं. राज्याचा आदेश हा परवानगीचा असतो, शहरातली तारीख आयुक्त ठरवतात. शाळेने सूचनेत आदेश कोणाचा आणि कोणत्या तारखेचा हे लिहावं. मुंबईचा स्क्रीनशॉट ठाण्याच्या ग्रुपवर आला की लगेच ओळखता येतो.

आणि चुकीची सूचना गेली तर ती सगळ्यांसाठी डिलीट करू नका. तोवर ती चार ठिकाणी पुढे गेलेली असते. त्याच मेसेजला उत्तर म्हणून लिहा: "वरची सूचना रद्द. नवी तारीख अमुक." म्हणजे जुनी वाचणाऱ्याला खाली नवी दिसते.

---

शाळासमिती | ८ जानेवारी २०२२, रात्री ८.४०

शाळा पुन्हा बंद. यावेळचा घोळ वेगळा आहे: ग्रुपवर दहा दिवसांच्या घरच्या विलगीकरणाचे जुने मेसेज फिरतायत. आता लक्षणं सौम्य असली तर चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस, आणि शेवटचे तीन दिवस ताप नको. जुना मेसेज तारखेविना असल्यामुळे खोटा ठरवता येत नाही. प्रत्येक सूचनेच्या पहिल्या ओळीत दिनांक आणि क्रमांक टाका, 'सूचना ४१, ८ जाने.' असा. मग "४० वाचली, ४१ नाही" असं पालकच सांगतात.

वर्गात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर नाव लिहायचं नाही. तुकडी, ते मूल शाळेत आलं होतं तो शेवटचा दिवस, आणि बाकीच्यांनी काय करायचं, एवढंच. अख्ख्या इमारतीला नाव कळतंच, पण शाळेकडून कळू नये.

---

नेरूळची_सई | १९ मार्च २०२२, सकाळी ११.१०

१६ तारखेपासून १२ ते १४ वयाच्या मुलांची कोरोनाची लस सुरू झाली आहे. "सातवीच्या सर्वांनी यावे" असा मेसेज एका ग्रुपवर पाहिला. चूक आहे. इयत्ता नाही, जन्मतारीख बघतात. लस घ्यायच्या दिवशी १२ पूर्ण हवीत. ज्याची जन्मतारीख २० एप्रिल २०१० आहे त्याने २० एप्रिलनंतर जायचं, आधी गेला तर परत पाठवतील. २००७ किंवा आधीचा जन्म असेल तर तो १५ ते १८ च्या गटात, त्याला कोव्हॅक्सिन. या लहान गटाला कॉर्बेवॅक्स, दोन डोस, २८ दिवसांच्या अंतराने. शाळेच्या नोंदवहीत जन्मतारखा आहेतच, त्यावरून तुकडीतल्या नावांपुढे तारीख टाकून वैयक्तिक निरोप पाठवा.

---

खडूफळा | १९ मार्च, रात्री ९.५०

मूळ प्रश्नाचं उत्तर वर्षभराने देतोय. दोन ग्रुप, सूचनेला क्रमांक, रात्री साडेआठची वेळ, नाव मागणारी पोच आणि साखळीची वही, एवढं टिकतं. एसएमएसचे चार साचे फक्त ग्रुपबाहेरच्यांसाठी. शिध्याचे आकडे फळ्यावर. रोजचा आवाजी मेसेज टिकत नाही, शिक्षक थकतात. तो आठवड्यातून एकदा, शनिवारी, पुढच्या आठवड्याचा.

एकच विचारायचं राहिलं: मे महिन्यात हे ग्रुप बंद करून जूनमध्ये नवे काढायचे का?

---

पारसिकपल्याड | १९ मार्च, रात्री १०.२५

मुळीच नाही. नव्या ग्रुपात ५५ घरं परत गोळा करायला ऑगस्ट उजाडतो. निकालाच्या दिवशी नाव बदला, 'सूचना ७ब' चं 'सूचना ८ब'. सोडून जाणाऱ्याचा नंबर दाखला हातात दिल्याच्या दिवशीच काढा, नाहीतर तो दोन वर्षं सूचना वाचत बसतो. ॲडमिन मात्र तीन ठेवा आणि त्यात एक नंबर शाळेचा. एकट्या वर्गशिक्षकाचा ठेवलात आणि त्यांची बदली झाली, तर ग्रुप त्यांच्याबरोबर शहापूरला जातो.

---

मिरचीभजी | १९ मार्च, रात्री १०.३०

आठवीचा ग्रुप नववीत गेला की गुलाबाची फुलं परत चालू करा, बोर्डाचं वर्ष येतंय.